मामा, डॅलसला गेल्यावर कुठलं पिस्तूल घेऊ?

परवा माझ्या चुलतबहिणीच्या मुलाचा रत्नागिरीहून फोन आला. एच-१बी झालाय, ऑक्टोबरात डॅलस, सोबत बायको आणि तीन वर्षांची लेक. घरभाडं, गाडी, कोकम नेता येतं का, असं सगळं विचारून झालं आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाला, "मामा, टेक्सासात सगळेच पिस्तूल बाळगतात म्हणे. लायसनही लागत नाही. शर्टाखाली लपवून वागवायला कुठलं बरं? मी ग्लॉक १९ बघून ठेवलंय." गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न आपल्याकडच्या चारपाच मुलांनी विचारलाय, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. गणपतीला गावी आलोय, राजापूरकडे. पडवीत बसलोय, वीज गेलीय, पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही.

बाळा, ते ग्लॉक आधी बाजूला ठेव. एच-१बीवर असताना तुला पिस्तूल घेता येत नाही. विकत घेणं लांबच, जवळ ठेवता किंवा हातात धरताही येत नाही. हा टेक्सासचा कायदा नाही, केंद्राचा आहे, म्हणजे पन्नासही राज्यांत लागू. एच-१बी, एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१, आणि तुझ्या बायकोचा एच-४, हे सगळे तात्पुरते व्हिसा, आणि अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस दोन्ही बंद. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलास तर देशाबाहेर काढतात ते वेगळंच. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल वागवता येतं हे खरं, पण ते ज्याला मुळात बंदूक बाळगायची मुभा आहे त्याच्यासाठी. तू त्यात बसत नाहीस.

आता ऑफिसात तुला कोणीतरी शहाणा भेटेल आणि सांगेल, "अरे, शिकारीचं लायसन काढ, मग चालतं." कायद्यात तशी पळवाट आहे, खोटं नाही. राज्याचं वैध शिकारीचं लायसन असलेल्याला सूट आहे. पण ती शिकारीला जाणाऱ्यासाठी ठेवलेली आहे, आणि तिच्या भरवशावर कमरेला पिस्तूल लावून वाण्याकडे जाणं म्हणजे आपलं ग्रीन कार्ड स्वतःच्या हातानं पणाला लावणं. मी तरी करणार नाही. कोणाला करायचंच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे मोजून विचारावं, ऑफिसातल्या शहाण्याला नव्हे.

याहून मोठी फसगत शूटिंग रेंजवर होते. नव्या मुलांना जुनी मंडळी शनिवारी हौसेनं रेंजवर नेतात, भाड्याचं पिस्तूल हातात देतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी तो फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर. तासाभरासाठी भाड्यानं घेतलेलं पिस्तूलही कायद्याच्या लेखी "ताब्यात असलेलं"च असतं. तुला कोणी बोलावलं तर सांग, कान दुखतोय.

म्हणजे तुझा प्रश्न खरं तर ग्रीन कार्ड मिळाल्यावरचा आहे. आणि आपली रांग तुला ठाऊकच आहे. २०२५ मध्ये ईबी-२ आणि ईबी-३, म्हणजे नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळायच्या रांगा, यांतल्या भारतीयांच्या तारखा २०१३ च्या आसपास घुटमळत होत्या. माझ्या वेळी इतकं वाईट नव्हतं, तरी मला नऊ वर्षं लागली. तोवर तुझी लेक मोठी होईल, तुझं पोटही थोडं सुटेल. दोन्हीचा पिस्तुलाच्या निवडीशी संबंध आहे, पुढे सांगतो.

आपण कोकणातली माणसं बंदुकीला बुजत नाही, कारण ती घरात पाहिलेली असते. आमच्या आजोबांची ठासणीची होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. वानर माडावर आले की अंगणातून एक बार काढायचा, डुकरं नाचणीत शिरली की दुसरा. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमके त्याच महिन्यात वानर शेंड्यावर बसून शहाळी खाली टाकणार. ती बंदूक मुख्यतः आवाजासाठी होती. दारू ठासायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात माणसाचा रागही निवायचा. शर्टाखालचं पिस्तूल त्या जातीचं नाही. ते वानरासाठी नाही, माणसासाठी आहे. त्यात गोळी आधीच नळीत बसलेली असते, आणि ते दिवसभर तुझ्या अंगाला लागून, मुलं, भाजीची पिशवी, देवळातली गर्दी यांच्यात फिरणार असतं. आजोबांची बंदूक हाताळलेली आहे म्हणून मला हेही जमेल, असं मला वाटलं होतं. चूक होती.

माझं पहिलं पिस्तूल दुकानदारानं गळ्यात मारलं. ".३८० मापाच्या गोळीचं आहे, खिशात मावतं, नवशिक्यासाठी बरं." कंपनीचं नाव घेत नाही, पिस्तूल बिघडलेलं नव्हतं, माझी निवड बिघडलेली होती. छोटं आणि हलकं म्हणजे सोपं असं वाटतं, पण होतं उलटं. वजन कमी म्हणून झटका सगळा तळहातात. दस्ता इतका आखूड की करंगळी अधांतरी. नळी आखूड, म्हणून नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन्ही खुणा जवळजवळ, हात जरा हलला की गोळी कुठल्या कुठे. आणि वरची स्लाइड, म्हणजे गोळी नळीत चढवायचा सरकता भाग, मागे ओढायला स्प्रिंग इतकी कडक की बायकोला ती ओढताच येईना. पन्नास गोळ्या झाल्या आणि मला परत रेंजवर जावंसं वाटेना. ज्याचा सराव नको वाटतो ते पिस्तूल जवळ असून नसल्यासारखं.

तू म्हणतोस ते ग्लॉक १९ दुसऱ्या टोकाला. उत्तम हत्यार, ९ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये (दस्त्यात बसते ती गोळ्यांची डबी) १५ गोळ्या, हातात भरून बसतं, नेम सहज लागतो. पण भरलेलं असताना साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं, आणि जाडही आहे. डॅलसचा उन्हाळा रत्नागिरीच्या मे महिन्याला लाजवतो. टी-शर्ट आणि अर्धी चड्डी घालून तू ते लपवणार कुठे? जाड माणसाच्या अंगावर एक वेळ लपतं, काटकुळ्याच्या अंगावर उठून दिसतं. लोक पहिले पंधरा दिवस हौसेनं बांधतात, मग ते गाडीच्या कप्प्यात जातं, आणि तिथून चोरीला. गाडीत ठेवलेलं पिस्तूल चोराला दिलेलं दान.

मधला वर्ग गेल्या काही वर्षांत छान तयार झालाय. २०१८ मध्ये सिग सावरचं पी३६५ आलं, रिकामं जेमतेम अर्धा किलो आणि तरी १० गोळ्या. त्याआधी एवढ्या अंगाच्या पिस्तुलात सहासात गोळ्याच मिळायच्या. मग २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आणि ग्लॉकचं ४३एक्स, २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. मी यांतल्याच एकावर स्थिरावलोय. कुठलं ते सांगत नाही, कारण तू डोळे मिटून तेच घेशील. तिन्हीचारी भाड्यानं घेऊन प्रत्येकी पन्नास गोळ्या मार. बोट चापावर पहिल्या पेराशी नीट पोचतं का, पकड न बदलता मॅगझिन सोडायचं बटण दाबता येतं का, दहाव्या गोळीनंतर मनगट काय म्हणतं, हे तुझा हातच सांगेल. चष्म्याचा नंबर दुसऱ्याला विचारून घेतो का आपण?

बायकोलाही वापरायचं असेल तर तिला बरोबर ने, आणि तिच्यासाठी तू निवडू नकोस. मनगटात जोर कमी असणाऱ्यांसाठी हलक्या स्लाइडची पिस्तुलं आता मिळतात, शील्ड ईझेड त्यातलं. "बायकांसाठी रिव्हॉल्व्हर" हा दुकानातला जुना मंत्र आहे, त्याला मान डोलावू नका. पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला बरं, अडकत नाही, पण चाप खूप जड आणि झटका खेचराच्या लाथेसारखा. ते मुरलेल्या हाताचं काम.

कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या मापावर, लोक रात्री जागवतात. ९ मिलिमीटर घे आणि झोप. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआय जड गोळीकडे गेली, आधी १० मिलिमीटर, मग .४०, आणि २०१५ च्या सुमारास पुन्हा ९ वर आली. गोळ्या सुधारल्या होत्या, झटका कमी, मावतात जास्त, आणि एजंटांचा नेमही त्यानंच बरा लागत होता. सरावाला साधी गोळी, अंगावर बाळगायला पोकळ टोकाची. पोकळ टोकाची अंगात शिरून फुलते, आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची शक्यता कमी. आपल्या पिस्तुलात ती अडकत नाही ना, हे निदान शंभरेक गोळ्या मारून पाहायचं. महाग पडतं, पण पाहायचं.

लोक पिस्तुलाला पाचशे डॉलर घालतात आणि होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, वीस डॉलरचं मऊ कापडी घेतात. माझ्या मते हिशेब नेमका उलटा हवा. या पिस्तुलांपैकी बहुतेकांना चाप अडवून धरणारा बाहेरचा खटका (सेफ्टी) नसतो, म्हणजे चाप ओढला की बार. तेव्हा चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हाच तुझा खटका. पिस्तूल परत आत घालताना शर्टाचं टोक चापात अडकून स्वतःच्या मांडीत गोळी घेतलेली माणसं आहेत. बाहेर काढायची घाई एक वेळ समजू शकतो, आत घालायची घाई कधीच करायची नाही. डोळ्यांनी बघत, सावकाश. आणि पट्टा जाड घे, साध्या पट्ट्यानं दिवसभर चड्डी वर ओढत बसशील. घामानं लोखंड गंजतं हे खारट वाऱ्यातल्या माणसाला सांगायला नको. आजोबा पावसाळ्यात नळीला तेल पुसत, तेच इथे उन्हाळ्यात कर.

परवाना लागत नसला तरी काढ. टेक्सासचा परवाना ४० डॉलरचा, चार ते सहा तासांचा वर्ग आणि ५० गोळ्यांची परीक्षा: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण. परीक्षा अगदी सोपी आहे, ती पास झालास म्हणून नेमबाज समजू नकोस. पण परवान्यामुळे दुसरी बरीच राज्यं तुला मानतात, आणि शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी करणारा जो केंद्रीय कायदा आहे त्यातून सुटका होते. डॅलसच्या उपनगरांत हजार फूट शाळेपासून लांब राहून दाखव. दारावरच्या पाट्या वाचायची सवय लाव. बारच्या दारात लाल ५१ टक्क्यांची पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची) असेल तर आत न्यायचं नाही.

न्यू जर्सीच्या मावशीकडे गणपतीला जाशील तेव्हा पिस्तूल घरी ठेवून जा. तिथे टेक्सासचा परवाना चालत नाही, दहाहून जास्त गोळ्यांचं मॅगझिन गुन्हा, आणि पोकळ टोकाच्या गोळ्यांवरही बंधनं आहेत. आणि रेंजवर नेलेली बॅग कधीही, अगदी कधीही, भारतात आणायची नाही. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस आपल्या विमानतळावर सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. मुंबईला उतरून गावची गाडी पकडायच्या ऐवजी पोलीस ठाणं. माझी ती बॅग गराजच्या बाहेर जात नाही.

आता लेकीचं. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी सांगितलं असतं. अंगावर नसेल तेव्हा तिजोरीत. उशीखाली नाही, कपाटावर नाही. आपण लपवलेला खाऊ पोरं कशी शोधतात ते आठव. रेंजवरून आल्यावर तिला उचलण्याआधी हात धू आणि कपडे बदल, बारुदाबरोबर शिसंही अंगावर येतं. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. बंद रेंजमधला एक बार १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे अर्ध्याहून जास्त. परदेशात पहिली वर्षं एकटेपणाची असतात. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची टांगती तलवार, इथे आई आजारी, तिकडे डिसेंबरचा काळोख चार वाजल्यापासून मनात. मी स्वतः २०१४ च्या हिवाळ्यात तिजोरीची किल्ली एका मित्राकडे देऊन ठेवली होती, चार महिने. त्यानं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घरात कोणाचं मन ठीक नसेल तर पिस्तूल घराबाहेर जायला हवं, मग ते कितीही आवडीचं असो.

आजवर मला ते एकदाही बाहेर काढावं लागलेलं नाही. खरं सांगायचं तर आठवड्यातले चार दिवस ते तिजोरीतच असतं. फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग, जिथे आपली माणसं राहतात, तिथे संध्याकाळी बायका निवांत फिरतात. पहिल्या वर्षी तुला पिस्तुलापेक्षा मागच्या दाराचं चांगलं कुलूप, अंगणातला दिवा आणि ९११ वर पत्ता इंग्रजीत न अडखळता सांगायचा सराव, हे जास्त लागेल. पत्त्याचा सराव बायकोकडूनही करून घे.

वीज आली. शनिवारी रत्नागिरीला येतोय, तेव्हा कागद घेऊन बस. आणि कोकम नेता येतं, फक्त आगळाची बाटली चेक-इन बॅगेत घाल.