एकाच रिपोर्टवरच्या दोन ओळी

प्रश्न : वय 44, सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणतो. तीन वर्षांत दुसऱ्यांदा मूतखडा झालाय. सोनोग्राफीत उजव्या किडनीत 5 मिमीचा खडा आणि खाली ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’ असं आलंय. दारूला कधी शिवलो नाही. लिव्हरचं विचारलं तर ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ असं उत्तर मिळालं. दोन्हींचा काही संबंध आहे का? दूध, टोमॅटो, शेंगाची चटणी बंद करू का? हुलग्याचं पाणी पितोय. वजन 82 किलो, पोट सुटलंय.

उत्तर : ती खालची ओळ तुम्ही वाचलीत, याचं मला फार बरं वाटलं. माझ्या सख्ख्या भावाचे खडे दोनदा काढले. तिसऱ्या वेळी त्याची शुगर वाढलेली निघाली, तेव्हा जुने रिपोर्ट काढून बसले. पहिल्यापासून प्रत्येकावर ‘फॅटी लिव्हर’ होतंच. मी डॉक्टर, तरी माझी नजर खड्याच्या मापापुढे गेली नव्हती. त्याची रुखरुख आजही आहे.

संबंध आहे. लिव्हरमधली चरबी किडनीत जाऊन खडा होतो, असं मात्र नाही. फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये मूतखडे जास्त आढळतात आणि दोन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट असते : शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्यामुळे लिव्हरमध्ये चरबी साठते, दारू न पिताही. तिकडे किडनी आम्ल शमवण्यासाठी जो अमोनिया तयार करते, तो कमी पडतो. लघवी आम्लधर्मी होते, आणि अशा लघवीत युरिक अ‍ॅसिड विरघळत नाही, त्याचे खडे धरतात. हे खडे साध्या एक्स-रेत दिसतही नाहीत. अर्थात सगळे खडे असे नसतात. कॅल्शियम आणि ऑक्झलेट (शेंगदाण्यासारख्या काही पदार्थांत असणारा घटक) मिळून होणारे, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचेच जास्त असतात. शिवाय मागाच्या शेडमधला उकाडा आणि घाम हे तुमचं वेगळं कारण आहेच.

म्हणून आधी तुमचा खडा कोणता ते कळायला हवं. काही दिवस लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून करा. खडा पडला तर टाकू नका, स्वच्छ डबीत घालून तपासायला द्या. सकाळच्या लघवीचा पीएच, म्हणजे ती किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, बघा; आकडा जितका कमी, तितकी ती जास्त आम्लधर्मी. तो सतत 5.5 च्या खाली असेल तर युरिक अ‍ॅसिडचा संशय घ्यायचा. तसं निघालं तर पोटॅशियम सायट्रेट या लघवीतलं आम्ल कमी करणाऱ्या औषधाने खडा विरघळूही शकतो, पण ते रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी) तपासून डॉक्टरांनीच द्यायचं. सोबत एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, युरिक अ‍ॅसिड, लिव्हरच्या एसजीओटी, एसजीपीटी या तपासण्या आणि प्लेटलेट्स करून घ्या. शेवटच्या तीन आकड्यांवरून आणि वयावरून लिव्हर कितपत कडक झालं असेल याचा अंदाज येतो. लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन लागेल का, ते त्यावरून ठरतं.

दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, म्हणून ते तोडलं तर खडे वाढू शकतात. शेंगाची चटणी भाकरीबरोबर चमचाभर घ्या, आपल्याकडे खातात तशी दह्यात कालवून. दाण्यांतल्या ऑक्झलेटवर तो चांगला उतारा आहे. टोमॅटोला उगाच बदनाम केलंय. हात आखडायचा तो मिठावर, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. हुलग्याचं माडगं आवडीनं प्या, पण त्याच्या भरवशावर तपासण्या टाळू नका.

आणि चहा. मागावर दिवसाकाठी आठ कप होत असतील आणि कपाला दोन चमचे साखर असेल, तर 16 चमचे झाले. लिव्हरची चरबी कमी करायची तर ही साखर आणि कोल्ड्रिंक्स आधी सुटली पाहिजेत. मागाशेजारी पाण्याची बाटली ठेवा. दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. ती गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. अधूनमधून लिंबू पिळा, साखर न घालता.

वजन सहा ते आठ किलो उतरवा, पण सहा महिने-वर्ष घेऊन. भात-भाकरी सोडून नुसत्या मांस-अंड्यांवर राहण्याचं खूळ डोक्यात घेऊ नका, त्यानं लघवी आणखी आम्लधर्मी होते.

कळ येऊन थंडी-ताप भरला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर कामाची पाळी संपायची वाट न बघता तडक दवाखाना गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.