पाणकाजवा की ‘गोड पाण्यात राहणारा काजवा’?

विचारणा अशी आहे : जपानी काजव्यांवरच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘फ्रेशवॉटर फायरफ्लाय’ला ‘गोड पाण्यात राहणारा काजवा’, ‘लार्व्हा’ला ‘सुरवंट’ आणि ‘एन्डेन्जर्ड’ला ‘नामशेष’ म्हटले तर चालेल का?

तिन्ही शब्द बदलायला हवेत. आधी ‘गोड’. साखर घातलेले पाणी गोड असते. नदी-ओढ्याचे पाणी ‘गोडे’. म्हणून ‘गोड्या पाण्यातला’. पण खरी अडचण ‘राहणारा’ या शब्दात आहे. जपानचा गेंजीबोतारू हा काजवा पाण्यात राहतो तो फक्त अळी असताना. अंडी ओढ्याकाठच्या शेवाळावर, कोष काठच्या मातीत आणि पंख फुटलेला काजवा हवेत. ‘पाण्यात राहणारा काजवा’ वाचून वाचकाच्या डोळ्यांसमोर पाण्याखाली लुकलुकणारा पंखवाला किडा येईल.

‘पाणकाजवा’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. मराठीतला ‘पाण-’ चोवीस तास पाण्यात राहण्याची अट घालत नाही. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो आणि खडकावर पंख वाळवत बसतो, पाणमांजराचे बीळ काठावर असते. पाण्यावाचून ज्याचे चालत नाही त्याला ‘पाण-’ लावायचा, ही आपली जुनी रीत इथे चपखल बसते. ‘जलकाजवा’ चुकीचा नाही, पण ‘जल’ला तत्सम शब्दाचा शेजार शोभतो, ‘काजवा’ घरगुती शब्द आहे. संस्कृत ‘खद्योत’ म्हणजे तर आकाशात चमकणारा. त्या नावात अळीला जागाच नाही.

‘सुरवंट’ मात्र साफ चूक. तो फुलपाखरा-पतंगाचा, केसाळ, पाला खाणारा. काजव्याची ‘अळी’ म्हणावी. पाठ्यपुस्तकी मजकूर असेल तर ‘डिंभ’. गेंजीबोतारूची अळी शिकारी आहे. कावानिना नावाची ओढ्यातली शंखवाली गोगलगाय हे तिचे अन्न. गोगलगायीच्या अंगात पाचक रस सोडून ती मांस विरघळवते आणि ते शोषून घेते. त्यामुळे ‘कुरतडते’, ‘चावून खाते’ ही क्रियापदे टाळावीत. पोटाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या अवयवांनी ती पाण्यातच श्वास घेते. त्यांना ‘कल्ले’ म्हणायला हरकत नाही.

जीवनक्रम लिहिताना क्रियापदे जपून निवडावीत. मादी शेवाळावर साधारण 500 ते 1000 अंडी ‘घालते’. महिनाभराने अळ्या बाहेर पडून पाण्यात उतरतात, पाच-सहा वेळा ‘कात टाकतात’ आणि बहुतेक पुढच्या एप्रिलच्या सुमारास, पावसाळी रात्री, मिणमिणत काठावर चढतात. मग मातीत शिरून प्रत्येक अळी स्वतःभोवती मातीचीच कुपी करते. इथे ‘कोशेटा’ शब्द नको, तो रेशमाचा. ‘मातीच्या कुपीत कोषावस्था’ म्हणावे. दीड-दोन महिन्यांनी, मे-जूनमध्ये, काजवा बाहेर येतो, एक-दोन आठवडे जगतो आणि त्या काळात दवापलीकडे काही घेत नाही. अळी ‘मिणमिणते’, प्रौढ ‘लुकलुकतो’ हा भेद मराठीत आयता आहे, तो वाया घालवू नये. लुकलुकण्याचा ठेकाही ठरलेला : पश्चिम जपानात सुमारे 2 सेकंदांनी, पूर्वेत सुमारे 4 सेकंदांनी.

‘नामशेष’ म्हणजे फक्त नाव उरलेला. जो जिवंत आहे त्याला हा शब्द लावू नये. धोक्यातल्या जीवजातींच्या ‘लाल यादी’तल्या (रेड लिस्ट) श्रेणींसाठी ‘अतिसंकटग्रस्त’, ‘संकटग्रस्त’, ‘असुरक्षित’ असे उतरते शब्द आहेत, आणि ‘एन्डेन्जर्ड’ म्हणजे ‘संकटग्रस्त’. पण गेंजीबोतारूला सरसकट तेही लावू नये : होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवर तो आजही आहे, मात्र एकेका ओढ्यातून गेला आहे. तेव्हा ‘या ओढ्यातून नाहीसा झाला’ हेच खरे आणि पुरेसे वाक्य. कारणेही नेमकी लिहावीत. काठ सिमेंटचा केला की अळीला कुपीसाठी माती उरत नाही आणि अंड्यांना शेवाळ. कीटकनाशकाने कावानिना मेली की अळी उपाशी. रस्त्याच्या दिव्यांच्या उजेडात नर-मादीला एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत.

आणखी एक शब्द अडेल : ‘नॅचरल मॉन्युमेंट’. शिगा प्रांतातल्या मोरियामाच्या काजव्यांना 1924 मध्ये हा दर्जा मिळाला. ‘नैसर्गिक स्मारक’ असे शब्दशः लिहू नका, आपल्याकडे स्मारक गेलेल्याचे होते. ‘संरक्षित निसर्गठेवा’ लिहावे.

शिवाय दुसरीकडचे काजवे आणून सोडण्याला ‘पुनर्वसन’ म्हणू नये. 2 सेकंदांचे काजवे 4 सेकंदांच्या ओढ्यात सोडले तर स्थानिक वंशात परका वंश मिसळतो. त्याला साधे ‘बाहेरून आणून सोडणे’ म्हणावे.

जाता जाता : मे-जूनमध्ये भंडारदरा, राजमाचीला झाडे उजळवणाऱ्या काजव्यांना ‘पाणकाजवे’ म्हणू नये. त्यांच्या अळ्या जमिनीवर, ओलसर पालापाचोळ्यात वाढतात. त्यांना नुसते ‘काजवे’च म्हणावे.