कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकावं?

एवढ्या रॅमवर मी तरी डोळे झाकून अँटिएक्स हे हलकं लिनक्स टाकेन. डेबियन या लिनक्सवरच बेतलेलं आहे, पण गनोम-केडीईसारख्या जड डेस्कटॉपचा बोजा नाही. आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर (स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) मिळतो. दिसायला जुनाट आहे, पण पळतं. विंडोजसारखा चेहरामोहरा हवाच असेल तर लुबुंटू हे दुसरं लिनक्स बघा. तुमचा प्रोसेसर ६४-बिट आहे म्हणून जमेल. ३२-बिट मशीनसाठी लुबुंटू १९.०४ या आवृत्तीपासून बंदच झालं.

खरी गोम ब्राउझरची. डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार) कितीही हलकी असो, यूट्यूबसोबत चार टॅब उघडले की २ जीबी संपलीच. जमलं तर रॅम ४ जीबी करा आणि हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी बसवा. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे डिस्कवर न टाकता थेट) चालवून वायफाय लागतंय ना, तेवढं बघा. ब्रॉडकॉम कंपनीची वायफाय कार्डं फार नखरे करतात.