माणूस हजर करा

प्रश्न : मुलीच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘हेबियस कॉर्पस हा नागरिकाचा सर्वांत मोठा आधार’ असं वाचलं आणि हसूच आलं. माझे वडील आणीबाणीत मिसाखाली (खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा कायदा) एकोणीस महिने आत होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेच हात वर केले होते ना? मग हा आधार कोणाचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हेबियस कॉर्पस म्हणजे ‘धरलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा’ असा कोर्टाचा हुकूम. तुमच्या वडिलांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, हे आधीच कबूल करते. 28 एप्रिल 1976 ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगून टाकलं की, आणीबाणी आहे तोवर मिसाच्या कैद्याला आपल्या अटकेविरुद्ध कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. मिसाखाली आत गेलेल्यांचा, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने नंतर दिलेला आकडा 34,988 आहे. त्या चौघांपैकी न्या. बेग यांनी तर निकालपत्रात लिहिलं की, सरकार या कैद्यांची घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे. वकिलीच्या पहिल्या वर्षी हे वाक्य मी तीनदा वाचलं. मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं असावं.

पण हे प्रकरण दिल्लीला पोचलं कसं, तेही बघा. कैदी हरले म्हणून नव्हे, सरकार हरलं म्हणून. नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. त्यांत आमचं नागपूर खंडपीठही होतं, हे सांगताना अजून बरं वाटतं. अपिलात न्या. हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने खासगी वैरातून कोणाचा जीव घेतला, तर दाद मागता येईल का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. खन्ना एकटे विरोधात राहिले. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरलं. 1976 चा निकाल मात्र पुस्तकात तसाच पडून होता. तो पुसला गेला 2017 मध्ये. तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांना लिहावं लागलं की तो निकाल चुकीचा होता. 1976 च्या चौघांत त्यांचे वडील होते.

कोर्टाची 1976 ची माघार पहिली नव्हती. पेशवाई बुडून दहाच वर्षं झाली होती. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या नातेवाइकाच्या ताब्यात होता. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने हुकूम काढला, मुलाला हजर करा. ठाण्याच्या तुरुंगातल्या बापू गणेश नावाच्या कैद्याबद्दलही तसाच वाद पेटला. गव्हर्नर माल्कमसाहेबांचं म्हणणं, कोर्टाने मुंबई बेटापुरतं बघावं, पुण्यात ढवळाढवळ नको. हुकमाची अंमलबजावणी आम्ही करणार नाही. दोन न्यायाधीश 1828 मध्ये वारले होते, उरले एकटे जॉन पीटर ग्रँट. हुकूम कोणी मानत नाही म्हटल्यावर त्यांनी 1 एप्रिल 1829 ला चक्क कोर्टाला टाळं लावलं! कोर्टाचा संप म्हणा ना. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, त्याच वर्षी कौल दिला तो सरकारच्या बाजूने. पुण्यातल्या माणसाला मुंबईच्या कोर्टाचं छत्र नाही.

त्या नसलेल्या छत्राचा अर्थ 1897 मध्ये कळला. रँडच्या खुनानंतर नातू बंधूंना 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली उचललं. ना आरोप, ना खटला. 1943 मध्ये मुंबईच्या केशव तळपद्यांनी फेडरल कोर्टात ज्या नियमाखाली अटक झाली तो नियमच बेकायदा ठरवून घेतला, तर सरकारने लगोलग वटहुकूम काढून तो मागच्या तारखेपासून कायदेशीर करून टाकला. म्हणजे कैदी हरतो किंवा जिंकला तर कायदा बदलतो. तरी प्रत्येक खेपेला सरकारला कागदावर लिहून द्यावं लागलं, की आम्ही या माणसाला अमुक कारणासाठी धरलंय. हे लिहून द्यायला सगळ्याच सरकारांना फार जड जातं. पुढच्या वकिलाच्या हाती तेच कागद लागतात.

प्रश्न : स्थानबद्ध माणसाला शिक्षा झालेली नसते. मग आत त्याला कुठले हक्क असतात?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण अस्सल मराठी आहे. 1964 मध्ये प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून या गृहस्थांनी काय लिहावं? अणूच्या अंतरंगावर मराठीतून विज्ञानाचं पुस्तक! हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हटलं, तर सरकार नाही म्हणालं. उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका चाळून पाहिली. निव्वळ विज्ञान, देशाच्या संरक्षणाला धोका कसला? सरकार तरीही सर्वोच्च न्यायालयात गेलं. युक्तिवाद असा की, स्थानबद्धाला नियमांनी ज्या सवलती दिल्या तेवढ्याच त्याच्या, आणि पुस्तक छापणं त्या यादीत नाही.

सप्टेंबर 1965 मध्ये न्या. सुब्बा राव यांनी हा युक्तिवाद उलटा करून ठेवला. त्या नियमांत लिहिल्यात त्या सवलती नव्हेत, ती बंधनं आहेत. बंधन जिथे लिहिलेलं नाही, तिथे माणूस मोकळा. एका अणूच्या पुस्तकापायी हे ठरलं. ज्युनियर मुलांना मी हा खटला पहिल्या आठवड्यात वाचायला लावते.

दुसरा खटला आमच्या नागपूरचा. 1961 मध्ये जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या माणसाला स्थानबद्ध केलं आणि कारणांचे कागद हाती ठेवले इंग्रजीत. तो म्हणाला, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. उत्तर मिळालं, पोलिसांनी तोंडी समजावून सांगितलंय की. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये त्याला सोडलं. ज्याला आपल्यावरचा आरोप वाचता येत नाही, तो उत्तर काय डोंबलाचं देणार? आजही स्थानबद्धतेचं प्रकरण आलं की मी आधी भाषा बघते, मग पानं मोजते, मग कुठल्या पानाची झेरॉक्स पुसट आहे ते उजेडात धरून बघते. निम्मी हेबियस अशीच जिंकली जातात. भाषणांनी नाही.

प्रश्न : वकील परवडत नसेल तर?
– नाव नको, धुळे

उत्तर : पत्र लिहा. फाशीच्या कोठडीतल्या सुनील बात्राने तिहारमधून सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र पाठवलं, की इथे एका कैद्याला वॉर्डरने भयंकर मारलंय. त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. बिहारचा रुदुल साह 1968 मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगाबाहेर आला 1982 मध्ये. चौदा वर्षं! त्याला मिळालेली भरपाई एकूण 35,000 रुपये. रक्कम ऐकून राग येतो, पण बेकायदा डांबल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सरकारला असे पैसे मोजायला लावण्याची ती सुरुवात होती. निकाल देणारे सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. हो, 1976 चेच.

आणि गाठीशी एक ठेवा. पोलिसांनी ‘चौकशीला नेलंय’ म्हटलं की किती वाजता नेलं ते लिहून ठेवा. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे, प्रवासाचा वेळ सोडून. माझ्याकडे एकदा एक आई आली होती. मुलगा तीन दिवस पोलीस ठाण्यात, स्टेशन डायरीत नोंद नाही, ‘असा कोणी इथे नाही’ हे उत्तर. मुलाला नेलं त्या दिवसाच्या एसटीच्या तिकिटामागे तिने वेळ लिहून ठेवली होती : 5.40. तेच तिकीट याचिकेला जोडलं. सरकारी वकिलांना सायंकाळी प्रत दिली आणि रात्री साडेनऊला मुलगा घरी जेवत होता. दुसऱ्या दिवशी कोर्टाने याचिका ‘निष्फळ’ म्हणून निकाली काढली. आईने मला विचारलं, म्हणजे आपण हरलो का हो मॅडम?