रजा शिल्लक आहे, पैसे मोजके आहेत

आदरणीय ताई,
आम्ही चिंचवडला राहतो. यजमान एका वितरकाच्या पंचवीस माणसांच्या कार्यालयात हिशेबनीस आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. घरकर्जाचा हप्ता गेल्यावर फारसे उरत नाही. भाऊबीजेनंतर दीर-जाऊ केरळला निघाले आहेत आणि आमचा 70,000 रुपयांचा खर्च क्रेडिट कार्डावर हप्त्याने करा, असा त्यांचा आग्रह आहे. माझ्याजवळ साठवलेले 18,000 आहेत. यजमान म्हणतात, 'सुट्टी आपल्यासारख्यांसाठी नसते' आणि रजा असूनही ती घेत नाहीत. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा आणि सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. काय करावे?
— एक वाचक

प्रिय भगिनी,

केरळच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे: या वर्षी जाऊ नका. क्रेडिट कार्डाचे हप्ते 'विनाव्याज' म्हणून सांगितले जातात, तरी त्यांवर प्रक्रिया शुल्क आणि कर बहुधा लागतोच. आणि एखाद्या महिन्यात भरणा चुकला, तर थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 42 टक्के व्याज चढू शकते. ज्या घरात महिनाअखेरीस फारसे काही उरत नाही, त्या घराने पाच दिवसांच्या सहलीसाठी ही जोखीम घेऊ नये. मात्र हा नकार दिरांना तुम्ही कळवू नका. तो तुमच्या यजमानांनी आपल्या भावाला स्वतः सांगावा. "या वर्षी आमची ऐपत 18,000 पर्यंतच आहे, तुम्ही निर्धास्त जाऊन या," एवढे पुरे आहे. मुलांची परीक्षा, आईची तब्येत अशी कारणे पुढे केलीत, तर पुढच्या वर्षी नवी शोधावी लागतील.

तुमच्या पत्रात मला खरी खटकलेली गोष्ट मात्र ही की, यजमान रजा असूनही घेत नाहीत. त्यांच्या कार्यालयाएवढ्या आस्थापनेला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू होतो. त्यानुसार वर्षाला आठ नैमित्तिक रजा पगारी मिळतात आणि त्या वर्षअखेरीपर्यंत घेतल्या नाहीत, तर बुडतात. याशिवाय वर्षात 240 दिवस काम झालेल्या माणसाला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणजे ज्या सुट्टीला ते 'आपल्यासारख्यांसाठी नसते' म्हणतात, तिचा काही भाग दरवर्षी 31 डिसेंबरला आपोआप मालकाच्या पदरात पडतो. हिशेबनिसाच्या नजरेतून ही नोंद कशी सुटली, याचे मला नवल वाटते! दिवाळीपूर्वीच्या आठवड्यांची धावपळ संपली की, वितरकाकडे भाऊबीजेनंतर काम बहुधा थंडावते आणि शाळांची सुट्टी तेव्हा अजून चालू असते. त्या आठवड्यातील चार दिवसांचा अर्ज त्यांनी नवरात्रातच द्यावा, कारण आयत्या वेळी मागितलेली रजा नाकारणे मालकाला सोपे जाते.

आता तुमचे 18,000. ते सगळे खर्च करू नका, पण सगळे जपूनही ठेवू नका. दहा-अकरा हजारांत तुमचे पाच जणांचे कुटुंब कोकणात तीन रात्री राहून येऊ शकेल, असा माझा अंदाज आहे. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून तिकिटात निम्मी सवलत आहे, 75 वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पडते. त्यामुळे सासूबाईंचे काही नाही, तुमचे, मुलीचे आणि मुलाचे अर्धे-अर्धे, यजमानांचे पूर्ण, असा पाच जणांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. सवलत राज्यापुरतीच आहे, पण तुम्हाला राज्याबाहेर जायचेच नाही. श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर हा पट्टा मी सुचवेन: सासूबाईंना देवदर्शन होईल, मुलांना समुद्र मिळेल. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून, समुद्राला लागून जाते; ती ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारूनच करावी आणि सासूबाईंनी देवळातच बसावे.

राहण्याची सोय घरगुती निवासात करा, पण जेवण निवासाच्या मालकांकडचेच घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास पैसे वाचतात, हे खरे आहे. परंतु ते तुमच्या विश्रांतीतून वाचतात, कारण चिंचवडचा ओटा सोडून श्रीवर्धनच्या ओट्यापाशी उभे राहणाऱ्या बाईने सुट्टी घेतली असे मला म्हणता येत नाही. तसेच ब्लाउजच्या नव्या ऑर्डरी वसुबारसेला बंद करा आणि फराळाचे दोन पदार्थ जवळच्या बचत गटाकडून घ्या. त्यात चारपाचशे रुपये जास्त गेले, तरी रात्रीची जागरणे टळतील.

यजमानांना चारऐवजी दोनच दिवस मिळाले, तर कोकण नाताळच्या सुट्टीवर ढकला आणि एक दिवस भाजे लेणी पाहा. चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की, लेणी चालण्याच्या अंतरावर आहेत, आणि पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पायऱ्या आहेत, तेव्हा त्या दिवशी सासूबाईंची सोय शेजारी करावी लागेल.

मुलांपासून रक्कम लपवू नका. तेरा वर्षांच्या मुलीला अकरा हजारांचा कागद हाती देऊन मुक्कामाचे दर विचारायला आणि एसटीची वेळापत्रके पाहायला सांगा. आरक्षणाचे काम यजमानांनी तिच्यासोबत बसून करावे. सासूबाईंच्या मोफत प्रवासासाठी वयाचा पुरावा लागतो, त्यामुळे त्यांचे आधार कार्ड सोबत ठेवायला विसरू नका.