पोट भरलेलं असतानाही माझी मांजर चिमण्या आणि पाली मारते. ही सवय कशी मोडू?

मोडणार नाही. जास्त खायला घालून तर नाहीच, कारण भूक आणि शिकार ही दोन वेगळी खाती आहेत. जेवता जेवता उंदीर दिसला तर मांजर ताटली सोडून उठते, त्याला मारते आणि परत ताटलीवर येते. निम्म्याहून जास्त झडपा वाया जाणाऱ्या प्राण्याला भुकेची वाट बघून चालत नाही.

आपल्या हातात एवढंच, की शिकार घरात, आपल्या दोरीवर करू द्यायची. हातभर दांडी, त्याला दोरी, टोकाला पिसं. पिसं मांजरीच्या तोंडासमोर नाचवू नका. कुठला उंदीर स्वतःहून मांजरीकडे जातो? ती तिच्यापासून दूर, सोफ्याच्या कडेने सरकवा, आडोशाला न्या, थांबवा, किंचित थरथरवा. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, मागचा भाग डुलायला लागला की झडप आलीच. तीन-चार झडपांमागे एकदा पकडू द्या, मागच्या पायांनी लाथा झाडू द्या. नुसतं पळवत राहिलात तर चिडून ती तुमच्या घोट्याला धरेल. लेझरच्या ठिपक्यात नेमकी हीच खोट: पंजात काहीच येत नाही. पाच-दहा मिनिटांनी वेग कमी करत आणा, शेवटची पकड तिची, आणि लगेच जेवण. मग ती अंग चाटून झोपते. संध्याकाळी एकदा, तुम्ही झोपण्याआधी एकदा. खेळ संपला की दोरी कपाटात. जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही. आतडी गोळा होतात आणि शस्त्रक्रियेवर निभावतं.

आणि हाताने खेळवणं आजच बंद करा. पिल्लू असताना गोड वाटतं, मोठेपणी रक्त निघतं.

पक्षी सावध व्हावेत म्हणून मांजरीच्या गळ्यात बांधतात त्या घुंगरावरून माझं मांजरवाल्यांशी जुनं भांडण आहे. एक्सिटर विद्यापीठाच्या 2021 मधल्या अभ्यासात भरपूर मांस असलेल्या, धान्य नसलेल्या खाण्याने घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, रोजच्या 5 ते 10 मिनिटांच्या खेळाने 25 टक्क्यांनी. घुंगराने? काहीच फरक नाही. खाणं शोधून काढायला लावणाऱ्या कोड्याच्या भांड्यांनी तर शिकार वाढली. इतर काही अभ्यासांत घुंगराचा उपयोग दिसला, हे मान्य. पण दबा धरलेली मांजर हलतच नाही, तर वाजणार काय?

चिमण्यांसाठी खात्रीचा उपाय एकच, बाहेर सोडू नका. खिडक्यांना जाळी लावा. पालींचं मात्र जमवून घ्यावं लागेल. तोंडातून सोडवलेल्या पक्ष्यावर जखम दिसत नसली तरी लाळेतले जंतू त्याला मारतात, त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. सोडवताना तुम्हालाच चावली तर वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

एवढं वाचूनही घुंगरू बांधायचंच असेल, तर ओढ बसताच आपोआप सुटणारा पट्टा घ्या. साधा पट्टा फांदीत अडकला की फास बसतो.