अ‍ॅम्प्लिफायर गेला, आता स्पीकरही बदलू का?

प्रश्न : माझा अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय, पॅसिव्ह (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणारे) स्पीकर मात्र ठणठणीत आहेत. सगळंच काढून अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत का?

उत्तर : स्पीकर आवडते असतील तर फक्त अ‍ॅम्प्लिफायर बदला. मी स्वतः अ‍ॅक्टिव्हवाला आहे, तरी हेच सांगेन.

पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायरने वाढवलेला सिग्नल क्रॉसओव्हरच्या (खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या भागाच्या) कॉइल-कपॅसिटरमधून वूफर-ट्वीटरकडे (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या आणि वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाकडे) जातो. थोडी शक्ती तिथेच उष्णता होऊन जाते. अ‍ॅक्टिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच असतात; सुरांची ही वाटणी सिग्नल वाढवण्याआधी होते आणि वूफरला एक, ट्वीटरला एक असा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. वूफर थेट ताब्यात राहतो. माझ्याकडे डग्ग्याची घुमक पहिल्यांदा नीट थांबलेली ऐकू आली ती अ‍ॅक्टिव्ह आणल्यावरच. (खोली घुमत असेल तर मात्र दोन्ही सारखेच हतबल!)

खरेदी करताना स्पीकर फिरवून मागे बघा. एकाच स्पीकरला विजेची वायर आणि दुसऱ्याला नुसती दोन तारांची जोडणी दिसली, तर तो टू-वे (वूफर आणि ट्वीटर दोन्ही असलेला) स्पीकर आतून पॅसिव्हच. अ‍ॅम्प्लिफायर फक्त पहिल्याच्या पोटात बसवलेला. असे जोड सर्रास ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून विकतात.

शिवाय अ‍ॅक्टिव्हमधला अ‍ॅम्प्लिफायर गेला, तर अख्खा स्पीकर उचलून दुरुस्तीला न्यावा लागतो. मी नेलाय. कंबर महिनाभर धरली होती.